कोरड की तहान?

फळांच्या फोडींवर साखर भुरभुरवायची, वाटी झाकून ठेवायची आणि अर्ध्या तासानं झाकण काढून बघायचं, हा माझ्या मुलीचा आवडता उद्योग. ठेवताना वाटी कोरडी असते. फोडींच्या कडा धारदार, वर साखरेचे दाणे सुटे सुटे. पाच-सात मिनिटांत दाण्यांचा पांढरेपणा जातो. आधी ते काचेसारखे ओले दिसतात, मग दिसेनासेच होतात. अर्ध्या तासानं फोडी दबून मऊ झालेल्या असतात आणि वाटीच्या तळाशी दोन-तीन चमचे पातळ रंगीत रस साचलेला असतो. पहिल्यांदा तिनं हे पाहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. "पाणी कुणी घातलं?" तिनं विचारलं. माझी आई ओट्याशी होती. मागे न बघताच म्हणाली, "कुणी नाही गं. साखर लागली की फोडींना पाणी सुटतं."

पाणी सुटणं. गोड समोर आलं की तोंडाला सुटतं तेही पाणी, आणि साखर लागली की फळाला सुटतं तेही पाणीच. मी त्या वाटीकडे बघत राहिले, कारण एक गोष्ट मला लहानपणापासून खुपत आली आहे. खाण्याआधी ज्या तोंडात पाणी मावत नसतं, तेच तोंड खाऊन झाल्यावर पाणी मागायला लागतं. पोटभर जेवण झालेलं असतं, जेवताना पाणीही झालेलं असतं, आणि शेवटी गोडाचे चार घास खाल्ले की दहा मिनिटांत हात पुन्हा पेल्याकडे जातो. असं का होतं?

याचं एक तयार उत्तर माझ्याकडे बरीच वर्षं होतं. साखर रक्तात जाते, रक्त दाट होतं, ते पातळ करायला शरीर पाणी मागतं. ऐकायला पटतं, सांगायला सोपं आहे, आणि फळांची वाटी त्याला पुरावा म्हणून दाखवताही येते. हेच उत्तर मी घरात बाबांनाही दिलं होतं, अगदी ठामपणे. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. त्यानंतर मात्र मी ते उत्तर मुळापासून तपासायला घेतलं आणि लक्षात आलं की ‘गोड खाल्लं की तहान लागते’ या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. त्यातली एक तोंडात, एक आतड्यात आणि एक रक्तात. निरोगी माणसाच्या बाबतीत रक्ताचा वाटा यात सर्वांत कमी असतो.

तोंडापासूनच सुरुवात करते, कारण ते मी स्वतः करून पाहिलंय. एके दुपारी मधाचा एक चमचा तोंडात घेतला. नुसता, पाण्याशिवाय, आणि सगळं लक्ष फक्त तोंडाकडे ठेवून. आधी जिभेच्या दोन्ही कडांनी लाळ धावून आली, इतकी की गिळावीच लागली. दुसरा घोट गिळला तेव्हा लाळ पातळ राहिली नव्हती, तिला तार सुटली होती. तिसऱ्या घोटाला गिळायला फारसं काही उरलंच नव्हतं. पडजिभेच्या मागे, घसा सुरू होतो तिथे, एक चिकट थर बसला होता आणि त्याखाली बारीक खवखव. जीभ टाळूला लावली की सोडवताना जाणवत होतं. दोन-तीन मिनिटांत मला पाणी हवं झालं.

शंभर भाग मधात पाणी जेमतेम सतरा-अठरा भाग असतं, बाकी जवळजवळ सगळी साखर. लाळ उलट अतिशय पातळ असते. रक्ताच्या तुलनेत तिच्यात क्षार आणि इतर विरघळलेली द्रव्यं बरीच कमी असतात. दिवसाकाठी आपल्या तोंडात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ येते, पण चोवीस तासांवर ती वाटली तर मिनिटाला फार थोडी पडते. गोडाचा एक मोठा घास तोंडातली ही शिल्लक क्षणात दाट करून टाकतो आणि नवी लाळ येऊन ती पातळ व्हायला वेळ लागतो. मधल्या वेळात गालांची आणि घशाची आतली ओली त्वचा त्या दाट पाकाखाली असते. फोडींना जे झालं तेच इथेही हलक्या प्रमाणात होतं. दाट बाजू पातळ बाजूचं पाणी आपल्याकडे ओढते. पण शरीरात अजून पाणी कमी झालेलंच नसतं. कमी झालंय ते फक्त तोंडातलं पातळ पाणी.

इथे मला आपली भाषा फार उपयोगी पडली. आपण ‘तहान लागली’ म्हणतो आणि ‘घशाला कोरड पडली’ असंही म्हणतो, आणि ही दोन वाक्यं कुणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. भाषण करायला उभं राहिलं की कोरड पडते, तेव्हा तहान लागलेली नसते. उन्हातून आल्यावर तहान लागते, कोरड तिच्याबरोबर येते. शास्त्रज्ञांना मात्र हा भेद करायला बराच काळ भांडावं लागलं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात मांडलं होतं की तहान म्हणजे तोंड आणि घसा कोरडा पडल्याची संवेदना. त्यांच्याही कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी अन्ननलिकेला छेद असलेल्या जनावरांवर प्रयोग केले होते. प्यायलेलं पाणी त्या छेदातून बाहेर पडायचं, पोटापर्यंत पोचायचंच नाही. तोंड आणि घसा चिंब ओला, तरी जनावर पीतच राहायचं. म्हणजे कोरड गेली तरी तहान राहते. दोघांनीही खरं तेच पाहिलं होतं, फक्त दोघांनी वेगवेगळ्या गोष्टीला एकच नाव दिलं होतं.

तेव्हापासून गोड खाल्ल्यावर पाणी प्यावंसं वाटलं की मी आधी चूळ भरते. खळखळून, घशापर्यंत पाणी नेऊन, आणि ते थुंकून टाकते. मग थांबते. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागतं. तो चिकट थर जातो, जिभेवर मागे रेंगाळणारा गुळमटपणा जातो आणि पेला उचलायची घाई राहत नाही. पण दर वेळी नाही. काही वेळा पाच मिनिटांनी पुन्हा, या वेळी घशाच्या खालून कुठून तरी मागणी येते. ती आतड्याकडून आलेली असते असं मला वाटतं, आणि त्याला आधार आहे.

फळाच्या वाटीतला प्रकार शास्त्रज्ञांना पहिल्यांदा दिसला तो डुकराच्या मूत्राशयात. १७४८ मध्ये फ्रेंच संशोधक झां-अंत्वान नोले यांनी मद्यार्क भरलेलं भांडं मूत्राशयाच्या पडद्यानं घट्ट बंद केलं आणि पाण्यात बुडवून ठेवलं. काही तासांनी पडदा फुगून वर आला होता. बाहेरचं पाणी आत शिरलं होतं. पडद्याच्या एका बाजूला विरघळलेलं काही जास्त असेल तर पाणी तिकडे सरकतं, यालाच पुढे ‘ऑस्मोसिस’ नाव मिळालं; मराठीत आपण परासरण म्हणतो. याचा हिशेब गणितात बसवणारे डच शास्त्रज्ञ याकोबुस व्हांट हॉफ १९०१ च्या रसायनशास्त्राच्या पहिल्या नोबेलचे मानकरी. त्यांच्या हिशेबातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की पाण्याला विरघळलेल्या पदार्थाची जात कळत नाही, त्याला फक्त कणांची संख्या कळते. साखर असो की मीठ, किती कण आहेत एवढंच पाणी बघतं.

आपल्या लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग असाच एक सैल पडदा आहे. अलीकडे अन्नाचा लगदा, पलीकडे रक्त, आणि पाण्याला ये-जा करायला मोकळी वाट. रक्ताच्या बरोबरीचं ग्लुकोजचं पाणी म्हणजे साधारण ५ टक्क्यांचं, सलाइनच्या बाटल्यांवर ‘डेक्स्ट्रोज ५%’ लिहिलेलं असतं ते. आता ५० ग्रॅम साखर खाल्ली असं धरा. गोडाच्या दोन-तीन वाढींत ती सहज जाते. तिचं आतड्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालं की रक्ताच्या बरोबरीनं पातळ व्हायला तिला कागदावरच्या हिशेबानं जवळजवळ १ लिटर पाणी लागेल. प्रत्यक्षात इतकं लागत नाही, कारण जठर दार किलकिलंच ठेवतं. मिनिटाला साधारण अर्धा ते एक ग्रॅम साखर पुढे सरकवतं, आणि आतडं आलेली साखर लगोलग शोषत असतं. तरीही जेवढी साखर ज्या क्षणी आतड्यात असते, तिला पातळ करायला पाणी आणायचं कुठून? सोबत पाणी प्यायलं नसेल तर रक्तातून. हे हातउसनं पाणी आहे. साखर शोषली गेली की ते परत रक्तात येतं. पण तोवर रक्तात पाणी थोडं कमी आणि क्षार तेवढेच, आणि मेंदूला हे चटकन कळतं.

हे उसनं किती मोठं होऊ शकतं ते पोटाच्या काही शस्त्रक्रिया झालेल्या लोकांना विचारावं. जठराचं किलकिलं दार नाहीसं झालं की गोड एकदम आतड्यात ओतलं जातं, पाणी तिकडे धावतं, आणि खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, घाम, चक्कर. डॉक्टर त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात. आपलं दार शाबूत आहे म्हणून आपल्याला त्याची फक्त एक पेला पाण्याइतकी चाहूल लागते.

म्हणूनच तहानेनं जीव कासावीस झालेला असताना गोड पेय ही चुकीची निवड असते. बाटलीबंद गोड पेयांमध्ये साधारणपणे १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. ओठाला गार लागतं, घोटाघोटानं बरं वाटतं, पण आतड्यात गेल्यावर ते आधी पाणी मागतं आणि मग देतं. वर तोंडात तोच थर उरतो.

पण याच आतड्यात साखर उलटंही वागते. ते सांगितलं नाही तर साखरेवर अन्याय होईल. आतड्याच्या पेशींमध्ये एक दार असं आहे की ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आले तरच उघडतं. ती जोडी आत गेली की तिच्यामागोमाग पाणीही आत जातं. या दाराची कल्पना अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथे मांडली. जुलाबांनी शरीरातलं पाणी वाहून जात असतं तेव्हाही ते चालू असतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलऱ्याची साथ होती. सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून लोकांना प्यायला दिलं, आणि मृत्यूचं प्रमाण १०० मागे ३० च्या आसपास होतं ते ४ च्याही खाली आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या जलसंजीवनीत लिटरमागे ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. घरी करायची तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर जास्त घातली तर ती पुन्हा पाणी ओढायला लागते आणि जुलाब वाढतात. पातळ असताना पाणी आत नेते, दाट असताना बाहेर काढते. एकाच पदार्थाच्या या दोन वागणुकींमध्ये फरक फक्त चमच्यांचा आहे, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

आता रक्त. माझ्या तयार उत्तराचा सगळा भार इथेच होता.

मेंदूच्या तळाशी, अधश्चेतकाच्या (हायपोथॅलॅमसच्या) आसपास, काही पेशी रक्ताचा दाटपणा सतत चाखत असतात. त्या भागात मेंदूभोवतीची नेहमीची कडेकोट भिंत विरळ आहे, म्हणून रक्तात काय चाललंय ते त्यांना थेट कळतं. केंब्रिजच्या अर्नेस्ट बेसिल व्हर्नी यांनी १९४७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून अशी चाखणारी जागा मेंदूत असल्याचं दाखवलं. मग १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यांच्या मेंदूत त्याच परिसरात खारट पाण्याचा अगदी लहानसा थेंब सोडला, आणि पोट भरलेल्या, पाणी प्यायलेल्या शेळ्या मिनिटभरात घटाघटा पाणी प्यायला लागल्या. रक्ताचा दाटपणा १०० त १ किंवा २ नं वाढला तरी या पेशी जाग्या होतात. त्या मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायचा निरोप देतात आणि आपल्याला तहान लावतात.

मग साखर रक्त दाट करते ना? करते, पण किती? निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी १०० मिलिलिटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त धरलं तर सगळ्या रक्तात मिळून ४-५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. बस्स. हा आकडा मी दोनदा तपासला. रक्तात विरघळलेल्या एकूण कणांपैकी ग्लुकोजचा वाटा १०० त २ सुद्धा नाही. जवळजवळ सगळा दाटपणा सोडियम आणि त्याच्या जोडीदारांचा. जेवणानंतर साखर १४० पर्यंत चढली तरी एकूण दाटपणा १०० त १ नंही हलत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दाराची. मीठ पेशीच्या बाहेर राहतं, म्हणून ते पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, आणि पेशी आक्रसली की तहान लागते. ग्लुकोजला इन्सुलिन वाट करून देतं. ते पेशीत शिरतं, आणि जो आत गेला तो बाहेरून ओढणार कसा? १९८३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांच्या शिरेतून वेगवेगळी दाट द्रावणं सोडली होती. मिठाच्या द्रावणानं तहान लागली. मॅनिटॉलनंही लागली. हे मॅनिटॉल साखरेच्याच नात्यातलं, पण पेशीत न शिरणारं. ग्लुकोजनं मात्र तशी तहान लागली नाही.

म्हणजे निरोगी माणसाला गोडानंतर जे पाणी हवं होतं, त्याचं बरंचसं कारण तोंडात आणि थोडं आतड्यात. शिवाय यकृतातून येणारं एफजीएफ-२१ नावाचं एक संप्रेरक आहे. २०१८ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की ते मेंदूला पाणी प्यायला लावतं. त्या प्रयोगात कारण मद्य आणि केटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) आहार हे होतं, साखर नव्हती. पण फ्रुक्टोज घेतल्यावर माणसाच्या रक्तात हेच संप्रेरक वाढतं, म्हणून मी त्याची नोंद करून ठेवते, त्याहून जास्त त्यावर काही उभारत नाही.

मग रक्तातल्या साखरेमुळे तहान कधी लागतेच का? लागते. आणि ती लागते तेव्हा ती गोडाची तहान नसते.

बाबांना गोड आवडायचं. जेवण झालं की काहीतरी गोड हवंच, आणि ते आम्हालाही आवडायचं, कारण जेवणानंतर गोड खाताना ते सगळ्यांत जास्त बोलायचे. एका वर्षी त्यांचं पाणी वाढलं. रात्री दोनदा उठायचे, मग तीनदा. उशाशी पेला असायचा, तिथे बाटली आली, मग दोन बाटल्या. एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर ते स्वयंपाकघरात अंधारातच उभे होते, बाटली तोंडाला लावून. नळाचा आवाज येऊ नये म्हणून त्यांनी आधीच भरून ठेवली होती. गिळण्याचा आवाज मला दारातून ऐकू येत होता. संपवली, श्वास घेतला, दुसरी उचलली. "बाबा, तुम्ही रात्री गोड खाता ना, मग तहान लागणारच," मी म्हणाले. ते म्हणाले, "हो गं, तेच असणार." बाटली खाली ठेवताना त्यांचा हात जरा थरथरत होता, तो मला दिसला होता.

उठून उठून बाथरूमला जावं लागायचं. आम्ही म्हणायचो, इतकं पाणी प्यायलं तर जावं लागणारच. पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं नवं भोक पाडलं. आम्ही म्हणालो, बरं झालं, वजन उतरलं. आई दर दोन दिवसांनी बाथरूमच्या कोपऱ्यात मुंग्यांची पावडर टाकत होती आणि मुंग्या पुन्हा येत होत्या. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक उत्तर तयार होतं. आणि तहान फारच झाली की बाबा फ्रिजमधलं गोड पेय काढायचे, कारण नुसत्या पाण्यानं भागत नाही म्हणायचे. असे तीन महिने गेले.

शेवटी पायाची एक जखम भरेना म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखम नंतर पाहिली. आधी विचारलं, "तहान किती दिवसांपासून लागतेय?" आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. तपासणीत साखर ४१२ निघाली. मधुमेह.

बाबांच्या शरीरात घडत होतं ते असं. इन्सुलिनची वाट बंद होत गेली, ग्लुकोज पेशींबाहेरच अडकून राहिलं. बाहेर अडकलेलं ग्लुकोज मिठासारखंच वागतं, पेशीतलं पाणी ओढतं. दुसरीकडे मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातली सगळी साखर एरवी वेचून परत घेतात. रक्तातली साखर १८० च्या आसपास पोचली की वेचणारे हात अपुरे पडतात. उरलेली साखर लघवीत जाते, आणि जाताना पाणी घेऊन जाते, अगदी वाटीतल्या फोडींसारखं. ते पाणी जास्त पीत होते म्हणून लघवीला जात नव्हते. लघवीतून पाणी जात होतं म्हणून ते पीत होते. आम्ही कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करून बसलो होतो, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या त्या ठाम वाक्याचा होता. ते वाक्य नसतं तर त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात मी कदाचित दिवा लावून त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं असतं.

नंतर मी जे जे हाती लागेल ते वाचलं. दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाच्या अरेटियस या ग्रीक वैद्यानं या रोगाबद्दल लिहिलं होतं की तहान काही केल्या शमत नाही आणि मांस वितळून लघवीवाटे जातं. १७७६ मध्ये इंग्लंडच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाची लघवी आटवली, तर खाली साखर उरली. पण मला सगळ्यांत जास्त थांबवलं ते चरकसंहितेच्या निदानस्थानानं. प्रमेह, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो ते लघवीचे विकार, होण्याआधी दिसणाऱ्या खुणांची तिथे एक यादी आहे. तोंडाला गोडी येणं आहे, हातापायांची आग आहे, लघवीकडे मुंग्या धावणं आहे. आणि त्यात मुखतालुकंठशोष आणि पिपासा हे दोन शब्द लागोपाठ, पण वेगवेगळे दिले आहेत. तोंड, टाळू, कंठ सुकणं ही एक खूण. तहान ही दुसरी. कोरड आणि तहान. लिहिणाऱ्यानं किती माणसांच्या उशाशी बसून हे पाहिलं असेल! मुंग्या तर आमच्या आईलाही दिसल्या होत्या.

बाबा आता बरे आहेत. गोळ्या वेळेवर घेतात, जेवणानंतर चालायला जातात, जखमेची आता फक्त एक फिकट रेघ उरली आहे. गोड पूर्ण सुटलेलं नाही. नातीच्या वाटीतली एखादी फोड ते घेतात. ती त्यांना फोड देते, आणि तळाचा रस मात्र स्वतः वाटी तोंडाला लावून पिते. मग थोड्या वेळानं तीच येऊन म्हणते, "आजोबा, मला पाणी." तिला ते देतात आणि माझ्याकडे बघतात. तिच्या वयात पाणी मागण्याचं कारण बहुतेक वेळा पाणीच असतं, हे मी स्वतःला सांगते. तरी दिवसातून किती वेळा मागितलं, रात्री उठली का, हे मी मनात मोजतेच. मोजणं आता थांबवता येत नाही आणि थांबवायचं नाहीही.

परवा रात्री एकच्या सुमारास स्वयंपाकघरात दिवा लागलेला दिसला. बाबा मोरीपाशी उभे होते, हातात पेला. मी दारातूनच विचारलं, "कोरड की तहान?" हा प्रश्न आता आमच्या घरात सगळेच सगळ्यांना विचारतात. त्यांनी हातानं थांब अशी खूण केली. गाल फुगवून चूळ भरली, मान मागे टाकून घसा खळखळवला, थुंकली. टॉवेलनं तोंड पुसलं. मग पेला ओट्यावर ठेवून ते तसेच उभे राहिले, नजर खाली, काहीतरी ऐकत असल्यासारखे. मीही थांबले. घड्याळाचा काटा पाच वेळा तरी पुढे सरकला असेल.

"कोरड होती," ते म्हणाले आणि दिवा मालवला.